कोल्हापुरात राहायला येताय? आधी पाणी विचारा

"वहिनी, कोल्हापुरात राहायला एरिया कुठला चांगला?" हा फोन मला हल्ली महिन्यातून दोनदा तरी येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतल्या वकिलांची पावलं इकडं वळली. त्यांच्या मागोमाग कारकून, टायपिस्ट, झेरॉक्सवाले, पोरांच्या शाळा शोधणारे आईबाप. त्याआधीही शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरीला येणारे होतेच. आम्ही त्यातलेच. नवऱ्याला शिरोलीच्या एका फौंड्रीत काम मिळालं आणि डिसेंबर २०२० मध्ये आम्ही डोंबिवलीचं बिऱ्हाड उचलून इथं आलो.

का राहावं, हे सांगायला मला फार वेळ लागत नाही. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास असलेलं हे शहर. पोरीची शाळा, मंडई, दवाखाना, नाट्यगृह, सगळं गाडीवर पंधरा-वीस मिनिटांच्या आत. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं तर सव्वासहाला माणूस रंकाळा तलावाच्या कठड्यावर बसून शेंगा खात असतो. डोंबिवलीत त्या वेळी मी फलाटावर दुसरी लोकल सोडत असायचे. पन्हाळा २० किलोमीटरवर, सांगली पन्नासेक, आणि उरलेलं जग लांब असलं तरी कोल्हापूरकराला त्याची फारशी चुटपुट नसते.

कसं राहावं, हे मात्र सांगायला वेळ लागतो, कारण आम्ही ते चुकत शिकलो. म्हणून क्रमानं लिहिते.

१. घर बघायला पावसात या

आम्ही डिसेंबरात घर बघितलं. रमणमळ्यात, तळमजला, पुढं अंगण, पेरूचं झाड, आणि भाडं आमच्या अंदाजापेक्षा बरंच कमी. एजंट घाई करत होता. हॉलच्या भिंतीला माझ्या खांद्याच्या खाली नवा रंग होता आणि वर जुना. एकाच डब्यातला नसल्यासारखा, जरा वेगळ्या छटेचा. मला वाटलं, सोफा घासून खराब झाला असेल म्हणून तेवढाच रंगवला. विचारलं नाही.

२३ जुलै २०२१ ला सकाळी पेरूच्या बुंध्याशी पाणी आलं आणि दुपारपर्यंत ते उंबरठ्याच्या आत होतं. गॅसची शेगडी, पोरीची पुस्तकं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरच्या मावशींकडं गेलो. फ्रिज उचलता आला नाही. खाली तो आडवा होऊन तरंगत होता आणि भिंतीवर आपटल्याचा आवाज रात्रभर येत होता. मावशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तुमास्नी कुणी सांगिटलं न्हाई व्हय? एकोणीसला बी हितपर्यंतच आलतं की." आणि त्यांनी हात बरोबर त्या दोन रंगांच्या सांध्याइतक्या उंचीवर धरला. एकोणीस म्हणजे २०१९ चा महापूर.

म्हणून पहिला नियम: घर जून-जुलैत बघा. ते जमत नसेल तर कुठल्याही महिन्यात बघा, पण घरमालकाला विचारायच्या आधी समोरच्या किराणा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. एकोणीसला पाणी कुठवर आलतं? एकवीसला कुठवर आलतं? दुकानदार खोटं सांगत नाही, कारण त्याचीही साखर भिजलेली असते. २००५ चंही ज्याला आठवतंय असा म्हातारा भेटला तर उत्तमच. मग भिंतींचा रंग, दारांच्या चौकटींचा खालचा भाग आणि विजेच्या मीटरची उंची बघा. मीटर डोक्याच्या वर बसवलेला असेल तर तो हौसेनं बसवलेला नाही.

सुतारवाडा, दुधाळी, बापट कॅम्प, नागाळा पार्कचा नदीकडचा भाग, व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीतली कुंभार गल्ली ही नावं पुराच्या बातम्यांत येतातच. तिथं राहूच नये असं मी म्हणत नाही. नागाळा पार्कसारखी झाडांची सावली शहरात दुसरीकडं मिळणार नाही. पण राहायचं तर दुसरा मजला.

२. नावं वाचायला शिका

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, हळूहळू कळलं. या गावाची नावं म्हणजे जमिनीचा जुना नकाशाच आहे. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा: पापाची तिकटी, मिरजकर तिकटी. वेस म्हणजे जुन्या गावाची हद्द. खण म्हणजे दगड काढून उरलेला खड्डा, ज्यात पुढं पाणी साठलं. मळा म्हणजे ओली जमीन, बहुतेकदा नदी-ओढ्याच्या कडेची. माळ म्हणजे उंचावरचं कोरडं रान. सागरमाळ आणि रमणमळा यांत एका काना-मात्रेचा फरक आहे, पण आमचा फ्रिज गेला तो त्याच फरकात.

आणि 'तीर्थ' ऐकलं की थांबा. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव. रंकाळा, कोटीतीर्थ, राजाराम तलाव आणि कळंबा ही राहिलेली तळी. बुजवलेली वेगळीच. आज जिथं कपिलतीर्थ मंडईत तुम्ही मेथीची जुडी घासाघीस करून घेता, तिथं तळं होतं. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी तुंबतं आणि लोक नालेसफाईच्या नावानं शिव्या घालतात. शिव्या रास्त आहेतच, पण पाणी मात्र आपल्या जुन्या पत्त्यावर आलेलं असतं.

३. घर महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत, ते आधी कळू द्या

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली आणि त्यानंतर शहराची हद्द वाढवण्याची नुसती चर्चाच चालत आली. शहर मात्र थांबलं नाही. त्यामुळं पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी, मोरेवाडी, कळंबा इथं उंच उंच अपार्टमेंट, खाली जिम, आणि घरफाळा, म्हणजे घरपट्टी, भरायचा ग्रामपंचायतीत. रस्ता ओलांडला की महापालिका. कचऱ्याची गाडी कुणाची, नळजोड कुणाकडं मागायचा, दिवा गेला तर कुणाला फोन करायचा, हे सगळं त्या एका रस्त्यावर ठरतं. एजंट "सिटीतच आहे मॅडम" म्हणतो. त्याला घरफाळ्याची पावती दाखवायला सांगा. पावतीवर कुणाचा शिक्का आहे, तिथंच उत्तर मिळतं.

पेठेत घर मिळालं तर हा प्रश्न उरत नाही, दुसरे सुरू होतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेत घरं जुनी, जिने अरुंद, चारचाकी लावायला जागा नाही, पण रात्री अकराला पोराला ताप आला तर रिक्षा शोधावी लागत नाही, शेजारचा गाडी काढून उभा असतो. राजारामपुरी आखीव आहे, गल्ल्यांना आकडेच दिलेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असं करत पत्ता सापडतो. नवख्यानं सुरुवात तिथून केली तरी चालेल. पण भाडं चढं.

४. नळाची वेळ विचारा

पंचगंगेचं पाणी शहराला वर्षानुवर्षं होतंच. शिवाय २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी आलं. या योजनेवर इथं जितकं भांडण झालं तितकंच कौतुकही झालं. तरीही पंपाचा बिघाड किंवा गळती निघाली की दोन दिवस टँकरच्या मागं पळावं लागतं. म्हणून घर घेताना तीन गोष्टी: पाणी किती वाजता येतं, दाबानं येतं की करंगळीएवढी धार, आणि टाकी स्वतंत्र आहे की सगळ्यांची मिळून. पहाटे साडेचारला पाणी येणाऱ्या गल्लीत राहायचं तर घरातलं एक माणूस पहाटे उठणारं पाहिजे. आमच्याकडं ते मीच आहे.

५. जुलैपासून आकडे वाचा

मुंबईत लोकलचं वेळापत्रक असतं तसा इथं पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचा आकडा असतो. कसबा बावड्याला पंचगंगेवर हा बंधारा आहे. तिथली पाणीपातळी फूट-इंचात मोजतात आणि ती दिवसभर मोबाइलवर फिरत असते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती.

दुसरी बातमी राधानगरीची. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, एकूण सात. धरण भरलं की ते आपोआप उघडतात. "चार नंबरचा उघडला" असं कुणी म्हणालं की ते लिफ्टबद्दल बोलत नाहीत. त्यातून सुटलेलं पाणी भोगावतीतून काही तासांनी आपल्याकडं येतं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतले लोक जनावरं हलवायला लागले की तळमजल्यावाल्यांनी आपलं सामान माळ्यावर टाकायला घ्यावं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी आणि आपला पूर यांचा संबंध किती, यावर चहाच्या गाड्यावर तासन् तास वाद होतो. तो ऐकावा, त्यात पडू नये.

दोन्ही पुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद पडला. रस्ता बंद म्हणजे पेट्रोल नाही, गॅस नाही. जुलै लागला की गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, सिलिंडर भरलेला ठेवा, औषधं पंधरा दिवसांची आणून ठेवा. आणि हो, कोल्हापुरी चपला जूनलाच कागदात गुंडाळून वर टाका. खरं चामडं पाण्यात फुगतं आणि मग कुत्र्याच्या जिभेसारखं लोंबतं. पापाच्या तिकटीजवळच्या चप्पल लाइनमधला दुकानदार हे सांगतो, आपण ऐकत नाही.

६. चटणी म्हणजे काय ते समजून घ्या

इथं "चटणी" म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, ज्याच्यावर घरातली प्रत्येक आमटी आणि रस्सा उभा असतो. मार्च ते मे या महिन्यांत गल्लीत मिरच्या वाळत पडतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं, आणि ते सासू सुनेला चौथ्या-पाचव्या वर्षी सांगते. भाजलेलं सगळं कांडपावर घेऊन जायचं, नाकाला पदर लावून रांगेत उभं राहायचं. पहिल्या वर्षी मी दुकानातून तयार पुडा आणला. मावशींनी वास घेतला, काहीच बोलल्या नाहीत आणि संध्याकाळी स्वतःच्या बरणीतली अर्धा किलो चटणी आणून दिली. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर रांगेत होते.

बाहेर खाताना: मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस येतात. कट वेगळा मागायचा, तो फुकट मिळतो. जाळ काढणारं तिखट हा पाहुण्यांसाठीचा खेळ आहे, घरातला तांबडा-पांढरा रस्सा चवीचा असतो. मटणाच्या दुकानापुढं बुधवार, शुक्रवार आणि रविवारी रांग. दर वाढले म्हणून आंदोलन करणारं गाव आहे हे, तेव्हा दुकानात भाव हा विषय जपून काढावा.

आणि एकदा तरी रात्री गंगावेशीत जा. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो, पितळी भांड्यातून फेसासकट दूध ग्लासात. कोमट असतं. तालमीतली पोरं दोन दोन ग्लास उभ्यानं संपवतात. माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी "उकळलेलं नाही का?" असं विचारलं. गवळी म्हशीकडं बघून म्हणाला, "ती आतनंच गरम करून देती."

७. गल्लीत शिरा

तुम्ही भाडेकरू असा नाही तर मालक, पहिल्या महिन्यात तालीम मंडळाचं कुणीतरी येऊन जाईल. तालीम म्हणजे कधीकाळी कुस्तीचा आखाडा. आता गणपती, फुटबॉल, रक्तदान, पुरात होडी घेऊन येणं, सगळं तिथूनच चालतं. वर्गणी द्या, पावती घ्या, आणि मिरवणूक संपायला दुसरा दिवस मावळेल हे गृहीत धरा. गणपती रंकाळ्यात नाही, शेजारच्या इराणी खणीत सोडायचा.

फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठांच्या संघांची मॅच असते. जरूर बघा, पण आपला संघ कुठला हे घरमालकाचा संघ कळेपर्यंत ठरवू नका. आषाढात मंगळवारी-शुक्रवारी त्र्यंबोली देवीला नदीचं नवं पाणी घालायला गल्लीतल्या बायका डोक्यावर कलश घेऊन निघतात, पुढं पी-ढबाकची वाद्यं वाजत असतात. तुम्हाला बोलावलं की समजा, नाव गल्लीत लागलं. मला तिसऱ्या वर्षी बोलावलं.

भाषेचं थोडं. "या की", "बसा की", "जेवलासा काय?" यातला प्रेमळपणा ऐकायला शिका, कारण आवाज मात्र भांडल्यासारखा चढा असतो. "भावा" म्हणणारा अनोळखी असतो, "मर्दा" म्हणणारा मित्र. इथल्या बायका "मी आलो", "मी जातो" असंच म्हणतात. आमची पोरगी पहिल्या सहा महिन्यांत तसं बोलायला लागली तेव्हा डोंबिवलीची आजी फोनवर दुरुस्त करत बसायची. आता आजीनं सोडून दिलंय.

८. मग रंकाळा

हे शेवटी ठेवलं, कारण नवखा माणूस नेमका इथून सुरुवात करतो. तळ्याकाठी फ्लॅट बघतो, गॅलरीतून पाणी दिसतं आणि सही करून मोकळा होतो. रंकाळ्याकाठी राहणं सुखाचंच आहे, पण पहिले चार महिने नुसतं फिरायला जा. रविवारी संध्याकाळी चौपाटीच्या बाजूनं गाडी लावायला जागा नसते. त्याच रविवारी सकाळी सहाला जा. थंडीत पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडचा शालिनी पॅलेस निम्माच दिसतो. तळं स्वच्छ असतंच असं नाही. केंदाळ म्हणजे जलपर्णी आणि सांडपाणी यांविरुद्ध लोकांनी इथं वर्षानुवर्षं आरडाओरडा केलाय, अजून करतात. उन्हाळ्यात पाण्याला हिरवी छटा आणि वास येतो. ज्या बाजूचा फ्लॅट बघताय तिथं एप्रिलात दुपारी गॅलरीत दहा मिनिटं उभे राहा, मग सही करा.

पाणी ओसरलं की तळ्यातल्या संध्यामठाचे दगडी खांब उघडे पडतात. किती उघडे पडलेत यावरून जुने लोक उन्हाळ्याचा अंदाज बांधतात. पावसाळ्यात तो मठ बुडतो आणि मग लोक कळंबा तलाव भरला का बघायला गाड्या काढून निघतात. सांडव्यावरून पाणी पडताना दिसलं की सगळं गाव भजी खातं.

कठड्यावर बसलात की शेजारी कुणीतरी आजोबा येऊन बसतीलच. पहिला प्रश्न, "कुठलं तुम्ही?" दुसरा, "ऱ्हायला कुठं?" आणि तुम्ही पत्ता सांगितला की तिसरा, "तिथं पाणी येतंय काय?" तो नळाचा आहे की पुराचा, हे महिना बघून ओळखायचं.